वाणात गेलेलं सैन्य

यंदा बर्फ लांबला. डिसेंबर कोरडाच गेला, आणि मग जानेवारीतल्या एका सकाळी पडदा सारला तर बाहेर सगळं पांढरं. त्याच सकाळी फोनवर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं पहिलं आमंत्रण येऊन पडलं. पतंग, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ आणि त्याखाली गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावण्याची सूचना. बॉस्टनपासून तासाभरावरच्या या श्रूजबरीत आमची संक्रांत चांगली महिनाभर चालते. प्रत्येकीला शनिवार हवा असतो आणि शनिवार मोजके. रथसप्तमी उलटली तरी कुणाचं ना कुणाचं हळदी-कुंकू उरलेलंच असतं. मी 'येते' म्हणून कळवलं आणि तळघरात जाऊन सैन्याचे खोके उघडले. बर्फ पडला की ते उघडायचे, हे आता अंगवळणी पडलं आहे.

सैन्य म्हणजे सैन्यच. प्राचीन असिरियाचं. आजच्या इराकच्या उत्तरेला, टायग्रिसच्या काठाने, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी ज्यांचं राज्य होतं त्यांचे शिपाई. धातूचे ओतलेले, अंगठ्याएवढेही नाहीत. टोकदार शिरस्त्राणं, खवल्यांची चिलखतं, कुरळ्या दाढ्या. एक धनुर्धारी आणि त्याच्यापुढे वेताची पुरुषभर उंच ढाल धरून उभा असलेला त्याचा साथीदार, अशा जोड्या. चार घोड्यांचे रथ. ही माणसं मी गोळा करते, कानशीने घासते, रंगवते आणि महिन्यातून एकदा मोठ्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तरी सैन्याविरुद्ध फासे टाकून लढवते. माझं वय पन्नाशीला टेकलं आहे. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. माझ्यासमोर हसून भलेभले दमले आहेत.

बर्फ पडला की आठवतो तो आमचा इथला दुसरा हिवाळा. लग्नाआधी मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायची नोकरी करत होते. ओतलेल्या लोखंडाचा तो जळका वास, काळी वाळू, केसांत बसलेली धूळ, आणि शिफ्टच्या शेवटी खरखरीत झालेले हात. मला ते सगळं आवडायचं. मग निखिल, माझा नवरा, पुण्याच्या कंपनीकडून इकडे आला आणि त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली मीही आले. त्या व्हिसावर मला नोकरी करायला बंदी होती. "एन्जॉय कर ना यार, लोक तरसतात अशा ब्रेकसाठी," निखिल म्हणायचा. तो मनापासूनच म्हणायचा. त्याला ऑफिस होतं. मला मात्र हीटरची घरघर आणि दुपारी साडेचारला दाटून येणारा अंधार होता. भांडी घासून झाली की मी ती पुन्हा एकदा पुसायची.

एकदा शेजारच्या वूस्टरला गाडीचे टायर बदलायला दिले आणि थंडीने हात बधिर झाले म्हणून समोरच्या दुकानात शिरले. ते होतं खेळांचं दुकान, पण लहान मुलांचं नव्हे. आत एका लांबलचक टेबलावर टेकड्या, नदी आणि समोरासमोर उभी दोन सैन्यं, आणि भोवती माझ्या बाबांच्या वयाची चार माणसं गंभीर चेहऱ्याने फासे टाकत होती. त्यातला डेनिस उठून माझ्याजवळ आला. हा डेनिस दंतवैद्य होता, नुकताच रिटायर झालेला. काही न विचारता त्याने माझ्या तळहातावर एक शिपाई ठेवला. बाकीच्यांना आधी दाढी दिसते, धनुष्य दिसतं. मला दिसली कुशीतून गेलेली बारीक रेघ, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली. "ही घासायची राहिली आहे," मी इंग्रजीत म्हणाले. डेनिसने खिशातून कानस काढून माझ्या हातात दिली.

कानस हातात धरली आणि बोटांना सगळं आठवलं. कथलाचं मिश्रण मऊ असतं, जोर लावायचा नाही, एकाच दिशेने हलकं हलकं घासायचं. चकचकीत कीस बोटांना चिकटला. टायर बदलून झाल्याचा फोन दोनदा येऊन गेला तरी मी तिथेच उभी होते. आजही कुणी मला प्लास्टिकचे शिपाई दाखवले, त्यात बारकावे जास्त असतात वगैरे समजावलं, तर मी ऐकून घेते आणि सोडून देते. प्लास्टिकचा शिपाई हातात आहे की नाही ते हाताला कळतच नाही. धातूचा शिपाई उचलला की हाताला वजन कळतं.

असिरियनच का, हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. माझी मैत्रीण प्राजक्ता, मूळची नागपूरची आणि बोलायला फटकळ, तिने तर बऱ्याच वर्षांनी एकदा घरी जाऊन वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "मृणाल, अगं ते लोक फार क्रुएल होते. माणसं सोलायचे. तू आपले मावळे का नाही करत?" होते ना क्रूर. मी कुठे नाही म्हणते? पण मावळे रंगवायचे तर आधी अभिमान बाळगावा लागतो, टोपीचा रंग चुकला तर चार लोक दुखावतात, आणि शेवटी ते सैन्य माझं राहतच नाही, सगळ्यांचं होतं. या दाढीवाल्यांचं तसं नाही. ते माझे कुणी लागत नाहीत. त्यांच्याबद्दल मला ना अभिमान ना लाज, नुसतं बघत बसावंसं वाटतं. एवढं कारण मला पुरतं.

त्या दुसऱ्या हिवाळ्यातच बॉस्टनच्या एका म्युझियममध्ये त्यांच्या कोरीव शिळा पाहिल्या. राजे, सिंह, घोडे, वेढे. हवा भरलेल्या बकऱ्याच्या कातड्यावर पालथे पडून नदी पोहणारे शिपाई होते, ते बघून मला हसू आलं. एका शिळेत बायका होत्या, जिंकलेल्या शहरातून बाहेर काढलेल्या, पाठीवर बोचकी घेऊन एका रांगेत निघालेल्या. नवरा मागच्या दालनात कॉफी शोधत होता. मी त्या रांगेसमोर बराच वेळ थांबले. मला कुणी कैद करून आणलं नव्हतं, तिकीट काढून आणलं होतं, दोन मोठ्या बॅगा दिल्या होत्या, हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही राग आला. कुणावर ते नीट सांगता आलं नसतं.

मग तो हिवाळा कामाचा झाला. डेनिसने त्याच्याकडचे जुने असिरियन मला देऊन टाकले, वर दात कोरायच्या त्याच्या बारीक सळ्याही दिल्या. ज्या साच्यातून ते शिपाई निघाले होते तो साचा कधीच मोडीत गेला होता, त्यामुळे हे गेले तर पुन्हा तसे मिळणार नव्हते. कडाक्याच्या थंडीत रंगाचा पहिला हात फवारला तर तो दाणेदार बसतो, म्हणून मी जरा ऊब पडेल त्या दिवसाची वाट बघायची आणि तसा दिवस आला की गराजचं दार उघडून दणादण फवारून घ्यायची. चिलखताच्या खवल्यांवर कोरड्या ब्रशने चंदेरी रंग नुसता टेकवायचा. दाढ्या काळ्या, पण त्यात चिमूटभर निळा. पायाखालच्या इराकी वाळूसाठी गोंदावर बारीक रवा भुरभुरवून तो रंगवला. उपम्याचा रवा संपला म्हणून निखिल कुरकुरला. मी त्याला पोहे दिले.

डेनिसच्या मंडळींचा एक नियम होता. न रंगवलेला शिपाई टेबलावर चालणार नाही, आणि रांगा पूर्ण असल्याशिवाय सैन्य उतरवायचं नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझी पहिली लढाई ठरली होती, डेनिसच्याच इजिप्शियन सैन्याशी. त्या दुकानात तोवर एकही बाई खेळली नव्हती. कुणी मला तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ते माहीत होतं. देशातून आल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, मी हाताने पूर्ण केलेली ती पहिली गोष्ट असणार होती.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या घरी हळदी-कुंकू होतं. शिपायांना वार्निशचा शेवटचा हात देऊन झाला होता. ते सुकायला ऊब हवी, म्हणून दिवाणखान्यातल्या कपाटावर, जिथे खालून हीटरची गरम हवा येते आणि खिडकीतून ऊन, तिथे दोन मोठ्या स्टीलच्या ताटांत मी त्यांना ठेवलं. ढालींना ढाली घासू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळ्या वाटीत. वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्या बेडरूममध्ये पलंगावर पिशवीत होत्या. बायका आल्या तशा त्यांचे जाडजूड कोट त्याच पलंगावर पडत गेले आणि पिशवी त्यांच्याखाली गडप झाली. मी स्वयंपाकघरात मटारच्या करंज्या तळत होते. धुराचा अलार्म बोंबलायला लागला, मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायला लागले आणि तिथूनच ओरडले, "प्राजक्ता, तू सगळ्यांना हळदी-कुंकू लावून वाण देतेस का प्लीज?"

प्राजक्ताने दिलं. ताटात, वाट्यांत, ओळीने मांडून ठेवलेली वस्तू हळदी-कुंकवाच्या दिवशी वाण नसेल तर काय असेल? टॉवेल टाकून मी बाहेर आले तेव्हा ताटं रिकामी होती. बहुतेक जणी बुटांच्या चेन ओढून निघूनही गेल्या होत्या. दाराशी शोभाकाकू उभ्या होत्या. शोभाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळींतल्या सर्वांत ज्येष्ठ, पन्नासेक वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून आलेल्या आणि अजूनही सगळ्यांची नाडी बघणाऱ्या. त्यांच्या तळहातावर माझा धनुर्धारी होता आणि त्याच्या शिरस्त्राणावर कुणीतरी कुंकू टेकवलं होतं.

"किती छान कल्पना गं, मृणाल! दिवाळीत नातवंडांच्या किल्ल्यावर मांडता येईल. मावळ्याला दाढी मात्र जरा जास्तच दिली आहेस."

"काकू, ते वाण नाही. ते माझे आहेत."

काकू हसल्या. "हळदी-कुंकू लावून हातात दिलं की ते वाण. आता माझं," त्या म्हणाल्या आणि पर्सची चेन लावून निघून गेल्या.

प्राजक्ता रडकुंडीला आली. निखिल संध्याकाळी म्हणाला, "दुसरे ऑर्डर कर ना. वाण परत मागायला जाणार तू? कम्युनिटीत राहायचंय यार आपल्याला." मी सांगितलं की दुसरे मिळत नाहीत, आणि मिळत असते तरी मी गेले असते. कम्युनिटीत राहायचं म्हणजे हातातलं सोडून द्यायचं असेल तर मला पार कुठल्यातरी जंगलात नेऊन सोड, असंही म्हणाले. त्याने हात टेकले.

दुसऱ्या दिवसापासून मी गाळण्यांची पिशवी घेऊन घरोघर निघाले. बर्फात गाडी चालवायला मी तेव्हा घाबरायचे. रूट नाईनवर माझ्यामागे लोक हॉर्न वाजवत राहायचे. एका घरी माझा ढालवाला देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी उभा होता, पायाशी फूल. एकीकडे तो माशांच्या टाकीत बुडवून ठेवलेला, वर बुडबुडे सोडणारी नळी. एकीने डॅशबोर्डवर गणपतीच्या बाजूला डिंकाने चिकटवून टाकला होता आणि तो सुटेना, तेव्हा मी डेनिसची दात कोरायची सळी काढली. दारात प्रत्येक वेळी तेच बोलावं लागायचं. "चुकून दिला गेला, तो मला परत हवा आहे, हे घ्या तुमचं वाण." काही जणींनी हसून दिला, काही जणींनी तोंड वाकडं केलं, एकजण आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला म्हणाली, "दे रे तिला, बिचारीला तेवढंच आहे."

त्या 'बिचारी'चा अर्थ मला कळत होता. लग्नाला पाच वर्षं होत आली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. का नव्हतं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही.

शोभाकाकूंचं घर मी शेवटी ठेवलं होतं. त्यांनी चहा टाकला. शोकेसमध्ये क्रिस्टलचे हंस, नातवंडांचे फोटो, आणि मधोमध माझा धनुर्धारी.

"कशाला आलीस ते कळलंय मला. फोन आलेत," काकू म्हणाल्या. "वाण परत मागू नये गं. देणारीच्या घराला ते चांगलं नसतं."

"मी दिलंच नव्हतं, काकू."

"तुझ्याच घरात मिळालं ना?" मग त्या जवळ सरकून बसल्या, माझा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणला. "बाळ, मी डॉक्टर आहे. मला हे समजतं. बाईचे हात रिकामे असले की मन कशात तरी गुंतवावं लागतं. बॉस्टनला माझ्या ओळखीची एक स्पेशालिस्ट आहे, मी अपॉइंटमेंट घेते. एकदा घरात पाळणा हलला की ही खेळणी आपोआप सुटतील."

त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि त्यामुळेच माझं डोकं सणकलं. दात-ओठ खाऊन बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. असा हात धरून बोलणाऱ्याला काय म्हणायचं?

मी हात सोडवून घेतला. "काकू, मला चार मुलं असती तरी मी हे रंगवले असते. ते कुणाच्या जागेवर नाहीत."

"मग कशासाठी आहेत?"

"कशासाठीच नाहीत. मला हवेत म्हणून आहेत. तुमच्या हंसांना कुणी विचारतं का, कशासाठी आहात म्हणून?"

मी उठले, शोकेसची काच सरकवली, धनुर्धारी काढून घेतला आणि त्याच्या जागी गाळणी ठेवली.

"वाण परत नेलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," काकू म्हणाल्या.

"आता पाहिलंत," मी म्हणाले आणि चहा न पिता निघाले.

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते, संतापाचं होतं, आणि थोडं आनंदाचंही. काच माझ्या श्वासाने धुरकट झाली आणि मला बराच वेळ तिथेच, काकूंच्या दारासमोर, इंजिन चालू ठेवून बसावं लागलं.

त्या रविवारी रांगा पूर्ण होत्या. मी हरले, सपाटून हरले. डेनिसच्या रथांनी माझी डावी बाजू पहिल्या तासाभरात उधळून लावली, कारण खेळता मला काडीचं येत नव्हतं. पण सगळे शिपाई टेबलावर उभे होते आणि पडले तेही माझ्या हाताने पडले. ती चार म्हातारी माणसं वाकून वाकून दाढ्यांचा निळा रंग बघत होती. 'हा छंद कसा लागला' असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. चिलखतासाठी कुठला ब्रश वापरला, एवढंच विचारलं.

पुढच्या वर्षी माझ्या हळदी-कुंकवाला प्राजक्ता सोडून कुणी आलं नाही. करंज्या डेनिसच्या मंडळींनी संपवल्या. त्यानंतरही मी दर वर्षी बोलावत राहिले, आणि हळूहळू लोक येऊ लागले, कुणी विसरून, कुणी करंज्यांसाठी. पुढे आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं आणि मला वूस्टरच्या एका कारखान्यात धातू तपासायची नोकरी लागली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटेल हिचं ते वेड. सुटलं नाही. रिकामपण होतं म्हणून मी रंगवत होते अशी ज्यांची खात्री होती, ते आता म्हणतात की कामाचा ताण घालवायला ती रंगवते. कारण दिल्याशिवाय बाईला काही करूच द्यायचं नाही, असा पणच केलेला दिसतो लोकांनी. मी आता खुलासे करत नाही. यंदा हत्यारं वाहणारी खेचरं रंगवायला घेतली आहेत, आणि तळघर निखिलने स्वतःहून रिकामं करून दिलं आहे.

तर परवाच्या शनिवारी त्या आमंत्रणाला गेले. शोभाकाकू वॉकर घेऊन आल्या होत्या. आमचं बोलणं कधी तुटलं नाही आणि फार गोडही कधी झालं नाही. त्यांच्या शेजारी सायली नावाची एक मुलगी बसली होती, लग्न होऊन नुकतीच आलेली, तोच जुना व्हिसा, तेच ते सारखं हातातल्या बांगड्या फिरवणं. काकूंनी ओळख करून दिली. "ही मृणाल. हिच्यापासून जपून हं. दिलेलं वाण परत घेऊन जाते ही." सगळ्या हसल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या हसण्यातली बोच मला बरोबर लागली.

सायलीला मात्र हसावं की नाही ते कळेना. "खरंच परत घेता?" तिने विचारलं.

"हो, घेते. माझं असेल तर घेते. तुझं काही कुणाकडे राहिलंय का?"

ती नाही म्हणणार होती. मान हललीही तशी. मग थांबली. "तबला," ती म्हणाली. "नाशिकला सासूबाईंच्या कपाटावर आहे. इथे अपार्टमेंटमध्ये नेबर्स कम्प्लेंट करतील म्हणून आणला नाही. पंधरा वर्षं वाजवत होते मी. आता सासूबाई म्हणतात, नुसता पडून आहे तर पुतण्याला देऊन टाकू."

"दिला?"

"बहुतेक या वीकेंडला देणार आहेत."

"मग फोन लाव."

"आत्ता? तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील. झोपल्या असतील त्या."

काकू काहीतरी बोलायला गेल्या. खोलीतल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या, हातात तिळगूळ तसाच.

"उठव," मी म्हणाले.